अकरा दिवसांची गैरहजेरी

कतारमधल्या मेसईदहून दोह्याला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये आसावरी नेहमीसारखी ड्रायव्हरच्या मागे बसली होती. ओढणीला अजून तान्ह्या गार्गीच्या दुधाचा वास येत होता.

"ताई, ऐका तरी," धनाजी आरशातून म्हणाला. "हापिसातला काम्प्युटर म्हनतोय, ह्या महिन्यात मी अकरा दिवस आलोच न्हाई. मग तुमास्नी रोज कोन न्हेत हुतं? माझं भूत?"

आसावरी हसली, आणि मग तिचं हसू ओठांवरच वाळलं.

तो कॉम्प्युटर तिचाच होता. वर्ल्ड कप तोंडावर आलेला. हजारावर माणसांची हजेरी जुन्या डेटाबेसमधून काढायला चार तास लागत. आसावरीने ती आठ मशीनच्या मेमरीत वाटून ठेवली आणि नऊ सेकंदांत यादी काढून दाखवली. प्रत्येक नोंदीची जादा प्रत शेजारच्या मशीनवर ठेवायची असते. मेमरी पुरेना, म्हणून तिने ही जादा प्रत चार दिवसांपुरती बंद केली आणि विसरली. बारा तारखेला एक मशीन बंद पडलं, परत उठलं ते कोरं होऊन. त्यावर ज्यांच्या नोंदी होत्या, ते सगळे तिच्या यादीत गैरहजर. तिने यादी पडताळलीच नाही. नऊ सेकंदांचं कौतुक ऐकण्यात गुंगली होती.

"रजा कापली माझी," धनाजी सांगत होता. "सोमवारी पोरीचं उष्टावण हाय. अजून तोंड बघितलं न्हाई तिचं. तुमी शिकल्याल्या, इंग्रजीत अर्ज लिवून द्या की. चुकलो म्हना, माफ करा म्हना."

"पण तुम्ही कुठे चुकलात?"

"काम्प्युटरशी कोन भांडनार, ताई?"

तेव्हाच बोलायला हवं होतं. तिने मान खाली घालून माफीचा अर्ज लिहिला. सिग्नलला त्याने सही केली.

ऑफिसात तिने साहेबांना चूक सांगितली. हेमचंद्र सर म्हणाले, "गुरुवारी डायरेक्टरांसमोर डेमो आहे. तोवर गप्प बस. मग करू दुरुस्त."

"रजेची यादी उद्या बंद होते, सर."

"एका ड्रायव्हरसाठी?"

"एकशे चाळीस जण आहेत."

तिने जुना डेटाबेस चालू केला. चार तास. पाळणाघरातून दोनदा फोन आला, गार्गी रडतेय म्हणून. खरी यादी पाठवताना तिने खाली लिहिलं, जादा प्रत मी बंद ठेवली होती, चूक माझी आहे.

गुरुवारी बसमध्ये चढताच धनाजीने तिच्या हातात खजुराचा डबा ठेवला.

"मिळाली रजा! काय अर्ज लिवलाय, ताई!"

गप्प राहणं किती सोपं होतं.

"अर्जाने नाही मिळाली, धनाजी. ती यादी मीच चुकीची काढली होती. अर्ज लिहिताना मला ठाऊक होतं."

त्याने गिअर टाकला.

"मंजी चूक तुमची, आन् माफी मी मागितली व्हय?"

"हो."

डबा त्याने परत मागितला नाही. तो तिच्या मांडीवर तसाच राहिला. मुलीचं नाव काय ठेवलंय, हे तिला फार विचारावंसं वाटत होतं. दोहा आलं, तशी ती न विचारताच उतरली.