बनुबाईच्या ओव्यांची डिस्क

खंडेनवमीच्या सकाळी, कोल्हारच्या पेठेत, जयमालाच्या लग्नपत्रिकांच्या दुकानात जुना कॉम्प्युटर पोट उघडून बसला होता. संगमनेरहून आलेल्या चेतनने नवा मदरबोर्ड, नवा पेंटियम प्रोसेसर, नवी रॅम सतरंजीवर मांडली. जुनी राहणार होती ती हार्ड डिस्क. बाकी काय हवं ते बदल, तिला धक्का नको, असं जयमालाने बजावलं होतं. तिच्या मावससासूच्या, बनुबाईच्या, जात्यावरच्या ओव्या त्या डिस्कवर होत्या. बनुबाई गेल्या पावसाळ्यात गेली. टाईप केल्या तेवढ्याच ओव्या उरल्या, आणि दुसरी प्रत काढायचं आज-उद्यावर राहिलं होतं.

चहा पिऊन येईतो प्रत्येक भागावर ओलं हळदकुंकू लागलेलं. चेतनने हसत पुसलं, सगळं बसवलं. पडदा उजळला. नव्या बोर्डाने हजेरी दिली, नव्या रॅमने दिली. डिस्कचा मात्र पत्ता नाही. वायर काढून पुन्हा लावली, तरी नाही. 

दारात सासू मुक्ताबाई पूजेचं ताट घेऊन उभी होती.

"त्या डिस्कलाच लई कुंकू लावलं म्या," ती हळूच म्हणाली. "आज हत्यारांची पूजा. आन आपली बनू त्यातच हाय ना."

चेतनने डिस्क उलटी केली. वायर बसते तिथल्या बारीक सुयांत कुंकवाचा चिखल.

"आजी, टिळा पुरे होता. तुम्ही तर मळवट भरला."

शेजारच्या दवाखान्यातून स्पिरिट आणलं, ब्रशने सुई न् सुई धुतली. डिस्क ओट्यावर उन्हात ठेवली आणि जयमाला पापड राखावे तशी तिच्यापाशी बसून राहिली.

या खेपेला डिस्क बोलली. जयमालाने आधी फ्लॉपीवर प्रत काढली, मगच ओव्या उघडल्या आणि वाचू लागली:

प्रवरेच्या पान्या बाई, हळू हळू जाय
बहीन माझी खालच्या गावी, तिचे धुई पाय

दोघी बहिणी प्रवरेकाठीच दिलेल्या: बनुबाई वरच्या अंगाला संगमनेरला, मुक्ताबाई खाली कोल्हारला. मुक्ताबाईने पदराने डोळे टिपले. स्वतःच्या ओव्या तिने कधी सांगितल्या नव्हत्या. बनूपुढं माझं काय, म्हणायची.

आज तिने स्टूल ओढलं.

"पानी काय उलटं जात न्हाई तिच्याकडं," ती म्हणाली. "मंग मी वाऱ्याला सांगायचे. लिव."