सकाळी मेलेल्या बॅटऱ्या

सासऱ्यांच्या मैदानावर मुलांना फेरी मारायला सहा छोट्या चार चाकांच्या क्वाड बाइक होत्या. जावयाचं स्वतःचं गॅरेज बुडाल्यापासून तो बायकोसह सासऱ्यांकडेच राहत होता आणि या गाड्या सांभाळत होता. सासरे त्याला चारचौघांत 'जावईबापू' म्हणत. त्यांच्या तोंडून तो शब्द शिवीसारखा यायचा.

हल्ली गाड्या सकाळी सुरूच होत नव्हत्या. संध्याकाळी पूर्ण चार्ज केलेली बॅटरी सकाळी ठार. बटण दाबलं की नुसती टकटक. हेल्मेट घातलेली मुलं ताटकळायची आणि सासरे मोठ्यांदा म्हणायचे, "आमच्या बॅटऱ्या जावयावर गेल्यात! कितीही खाऊ घाला, सकाळी उठायचं नाव नाही."

लोक हसत. तिकिटं फाडणारा मेहुणा सगळ्यात जास्त.

जावई खाली मान घालून कामाला लागला. टर्मिनल घासले, वायरी बदलल्या. इंजिन चालू असताना चार्जिंग होतंय का, ते मीटर लावून पाहिलं, होत होतं. किल्ली बंद करून कुठे करंट गळतोय का पाहिलं, गळत नव्हता. शेवटी एका गाडीची बॅटरी काढून त्याने आपल्या पलंगाखाली ठेवली. सकाळी ती ठणठणीत. शेडमधल्या बाकीच्या मात्र मेलेल्या.

"शेडमध्ये कोणीतरी रात्री गाड्यांच्या किल्ल्या चालू करून ठेवतंय आणि पहाटे बंद करतंय," तो बायकोला म्हणाला.

"तुम्हाला ना, स्वतःची चूक कधी दिसतच नाही," ती कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली.

त्या संध्याकाळी मैदान बंद करून तो घराकडे निघाला आणि अर्ध्या वाटेतून परतला. शेडच्या फटीतून उजेड येत होता. आत गाड्यांचे दिवे लागले होते. मेहुणा दाराशी उभा होता आणि एकेक किल्ली फिरवत चालली होती ती जावयाची स्वतःची बायको.

"ताई, ती कोपऱ्यातलीही लाव. उद्या दाजींचं तोंड बघण्यासारखं होईल!"

ती तोंडावर हात दाबून हसत होती.

तो आत गेला नाही. तडक घरी आला आणि जेवायला बसलेल्या सासऱ्यांना सगळं सांगितलं. त्यांनी घास संपवला.

"मीच सांगितलं होतं तिला. तुम्ही ते मीटर घेऊन वणवण फिरता ना, हसून हसून पोट दुखतं आमचं."

तेवढ्यात बहीणभाऊ आले. जावई बायकोकडे वळला. "तूसुद्धा?"

"अहो, घरातल्या घरात जरा मस्करी. किती मनाला लावून घेता!"

"आपण उद्याच इथून जाऊ."

"तुम्ही जा की," ती भावाचं ताट वाढत म्हणाली. "मी कशाला येऊ?"

सासरे पाणी प्यायले. "जाणार असाल तर आधी बॅटऱ्या चार्जिंगला लावा. उद्या शाळेची पोरं यायचीत."

तो उपाशीच शेडमध्ये गेला आणि त्याने किल्ल्या बंद करून बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या.

सकाळी सगळ्या गाड्या एका झटक्यात सुरू झाल्या. सासऱ्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि शाळेच्या बाईंना म्हणाले, "बघितलंत? चारचौघांत झाडलं की माणूस बरोबर सुधारतो."

बाई हसल्या. जावई पहिल्या मुलीच्या हेल्मेटचा पट्टा बांधायला वाकला. बक्कल काही केल्या लागेना.

"काका, तुम्हाला येत नाही का?" मुलीने विचारलं.

"बाजूला व्हा दाजी," म्हणत मेहुण्याने त्याला खांद्याने सारलं आणि पट्टा बांधला.