लोण्याची रवी मातीला लागली

मी एक जुनी रवी आहे. तुमच्या स्वयंपाकघरात पळ्यांच्या शेजारी लटकणारी वीतभर रवी नव्हे, मित्रांनो. मी उभी राहिले तर बाईमाणसाच्या खांद्याला लागते. माझं अंग बाभळीच्या गाभ्याचं आहे, पायाशी पाकळ्यांचं कमळ कोरलेलं आहे आणि कमरेला दोराच्या खाचा आहेत. एके काळी मला माझा फार ताठा होता. आता तो उतरला आहे, पण सगळाच उतरलाय असं मी म्हणणार नाही.

मला घडवलं वडगाव निंबाळकरच्या कुंडलिक सुतारानं. तिथल्या एका शेतकऱ्याच्या लेकीचं, बनाबाईचं, लग्न ठरलं होतं. लेकीला भांडीकुंडी कोणीही देतं. बनाबाईच्या आईनं मला दिलं. कुंडलिकानं मला दोन तळव्यांत धरून गरागरा फिरवून बघितलं आणि म्हणाला, "ही नातवंडांपत्तुर लोणी चारंल." रुखवतात मी मधोमध उभी होते. लाडू-करंज्यांपेक्षा माझ्याकडे जास्त बायका बघत होत्या. निदान मला तसं वाटलं.

सासर बावड्याजवळ, नीरेच्या काठी. बनाबाईच्या नवऱ्याचं नाव हिंदुराव. गोठ्यात एक खिलार गाय होती. पहाट झाली की घुसळखांबाला मला बांधायचं, कमरेला दोर गुंडाळायचा, आणि बनाबाई दोन्ही हातांनी दोर ओढू लागायची. एकदा इकडं, एकदा तिकडं. मी डेऱ्यात घुमायचे. मधेच ती थांबून हात मनगटापर्यंत ताकात घालायची. थंडी असेल तर पेलाभर कोमट पाणी, उन्हाळा असेल तर माठातलं गार पाणी. तिचा हातच तिला सांगायचा. मग लोण्याचा गोळा वर यायचा आणि आळीतल्या बाया जमायच्या. पदराखाली तांब्या घेऊन यायच्या आणि पावसापाण्याच्या गप्पा मारत बसायच्या. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणजे काय, हे मी रोज बघितलं आहे.

मग काळ्यापांढऱ्या संकरित गाई आल्या. दूध वाढलं, आणि सगळं दूध सकाळ-संध्याकाळ कॅनमधून डेअरीला जाऊ लागलं. विरजणाला दूध कोण मागे ठेवणार? ताक पिशवीतून यायला लागलं. घराला स्लॅब पडला तेव्हा घुसळखांब निघाला, डेऱ्याला तडा गेला, आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. दिवाळीच्या आधी भिंतींचा चुना ढवळायला तेवढी मी खाली यायचे. एक पावसाळा तर मी गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून काढला. जिनं लोणी काढलं तिनं शेळ्या अडवायच्या! मित्रांनो, त्या दिवसांत मी फार कुढले.

आता मी त्या माळ्यावरून ज्या तुकड्याकडे बघत होते त्याची गोष्ट सांगते, कारण माझं उरलेलं आयुष्य त्याच तुकड्याला बांधलेलं आहे.

नदीकडचा तो तुकडा एक एकरही भरत नव्हता. बनाबाई नवी नवरी म्हणून आली तेव्हा तिथली माती हाताला लोण्यासारखी लागायची, असं ती सांगते. नंतर वर्षानुवर्षं ऊस झाला. दर तोडणीनंतर पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, पेटवला गेला. ओल्या रानात ट्रॅक्टर-ट्रेलर फिरले. पाणी पाटानं सोडून दिलं की दिलं. माती अशी आवळली की पहार मारली तर पहारच उडायची. ऊस मनगटाएवढा व्हायचा तो बोटाएवढा होऊ लागला. शेवटी हिंदुरावांनी वीटभट्टीवाल्या जयवंताला शब्द दिला, की तुकड्याची माती काढून न्यावी.

शेजारच्या रानातली माती जयवंतानं आधीच नेली होती. तिथं पुरुषभर खोल खड्डा पडला होता आणि त्यात शेवाळलेलं पाणी साचून म्हशी बसत होत्या. बनाबाईला ते बघवायचं नाही. नदीवर जाताना ती तिकडं तोंड फिरवायची.

"माझा तुकडा असा व्हायचा न्हाय," ती एका दुपारी नवऱ्याला म्हणाली.

"मग काय करायचं त्याचं? गवतबी धड येत न्हाय. आन् शब्द दिलाय मी. हिंदुरावाचा शब्द हाय त्यो."

"शब्द मोडू नगा. पर दोन दिवाळ्या थांबा म्हणावं."

हिंदुरावांनी जयवंताला विचारलं. जयवंता हसला. "थांबतो की तात्या. माती कुठं पळून जातीय?"

दोन दिवाळ्या मागण्यामागं बनाबाईच्या सुनेची, रोहिणीची, फूस होती. ती भवानीनगरची, कारखान्याच्या वसाहतीत वाढलेली. तिचा नवरा सौरभ कारखान्यावर कामाला, म्हणून शेत सासू-सुनेच्याच अंगावर होतं. रोहिणी बायोडायनॅमिक, म्हणजे रासायनिक खतांशिवायच्या एका शेतीपद्धतीच्या प्रशिक्षणाला जाऊन आली होती, आणि येताना एका मडक्यात शिंगखत घेऊन आली. गाईच्या शिंगात शेण भरून ते आश्विनात जमिनीत पुरतात आणि चैत्रात काढतात. तोवर आतलं शेण काळंभोर होतं आणि त्याला पावसाळी रानासारखा वास येतो. लिंबाएवढा गोळा बादलीभर पाण्यात घालायचा आणि तासभर ढवळायचा. एका दिशेनं ढवळून पाण्याला तळापर्यंत भोवरा पाडायचा, मग तो मोडायचा आणि उलट्या दिशेनं नवा पाडायचा. संध्याकाळी ओल्या जमिनीवर केरसुणीनं शिंपडायचं.

"लिंबाएवढ्यानं आख्ख्या रानाला काय हुतंय?" हिंदुरावांनी विचारलं. पोत्यांच्या हिशेबात आयुष्य गेलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार?

रोहिणीनं आधी बांबूनं ढवळून बघितलं. बांबूला धड भोवरा पडेना. तिची नजर माळ्यावर गेली.

"आत्या, तुमची रवी देता का?"

बनाबाईचा चेहरा उतरला. "लोण्याची रवी शेणात घालू व्हय? माझ्या आईनं दिल्याली हाय ती."

खरं सांगते, मी माळ्यावरून तिला मनोमन शाबासकी दिली. चुना झाला, शेळ्या झाल्या, आता शेण तेवढं राहिलं होतं!

पण त्याच आठवड्यात जयवंताचा ट्रॅक्टर शेजारचा खड्डा वाढवायला आला. बांध ढासळला आणि बनाबाईच्या तुकड्याचा एक लचका त्या हिरव्या पाण्यात गेला. ती बांधावर उभी राहून बघत होती. घरी आली, स्टुलावर चढली आणि मला खाली काढलं. पदरानं माझ्यावरची धूळ पुसली आणि रोहिणीच्या हातात दिलं. मला राग आला होता, पण तिच्या पावलांना ढासळलेल्या बांधाची माती तशीच होती, म्हणून मी तो गिळला.

उन्हात तापलेल्या पाण्याचं अर्धं कापलेलं बॅरल अंगणात होतं. जुनी सवय! बनाबाईनं माझ्या कमरेला दोर गुंडाळला आणि इकडं-तिकडं ओढायला लागली. पाण्यावर हा फेस आला. रोहिणी हसून खाली बसली.

"आत्या, लोणी काढायचं न्हाय, भवरा पाडायचाय."

दोर सुटला. दोघी आळीपाळीनं मला हातात धरून फिरवू लागल्या. भोवरा पडला, मोडला, उलटा पडला. शेण म्हणून मी नाक मुरडलं होतं, पण त्या पाण्याला घाण अशी नव्हतीच. मला गोठ्याची, खिलार गाईची आठवण झाली. दोघींच्या गप्पा सुरू झाल्या. बनाबाईनं पहिल्यांदाच सुनेला सांगितलं की त्या तुकड्यात तिनं सासूबरोबर हुलगा काढला होता, आणि तहान लागली की नदीचंच पाणी ओंजळीनं प्यायच्या. ढवळताना माणसाला दुसरं काही करता येत नाही, मित्रांनो. म्हणून माणसं बोलतात.

एकदा मात्र घोटाळा झाला. त्या दिवशी पाणी तापवून ठेवून दोघी गोठ्यात गेल्या होत्या. परत आल्यावर रोहिणीनं शिंगखत घातलं आणि मला आत सोडलं. आत जाताच मला काहीतरी टोचल्यासारखं झालं. मी ओरडून सांगितलं असतं, पण रवीला तोंड नसतं. बनाबाईनं सवयीनं मनगटापर्यंत हात घातला आणि तिथंच थांबली.

"रोहिणी, दिसभर उन्हात ठिवल्यालं पाणी गार कसं झालं गं?"

रोहिणीला काही उमजेना. बनाबाईनं पाण्याचा वास घेतला, मग वळून नवऱ्याकडे बघितलं. हिंदुराव ओसरीवर बसून उगाचच आभाळाकडे बघत होते. त्यांच्या धोतराला पांढरे दाणे चिकटले होते.

"ताकाला जाऊन भांडं लपवू नगा. काय घाटलं?"

हिंदुरावांनी मान खाली घातली. "युरिया. जास्त न्हाय, एक घमेलंभर. पाण्यात पडला की पाणी गार हुतंच त्याच्यानं." जरा थांबून म्हणाले, "तुमी दोघी बाया हात मोडूस्तर ढवळताय. त्या लिंबाएवढ्या शेणावर कसं भागायचं? मला वाटलं, हातभार लावावा."

यावर रागवायचं कसं? बनाबाईचा तुकडा जाऊ नये असं त्यांनाही वाटत होतं, हे त्या दिवशी तिला कळलं. शब्द देऊन बसलेल्या माणसाला ते बोलून दाखवता येत नव्हतं, इतकंच. ते पाणी वरच्या रानातल्या उसाला ओतलं. मला, बॅरलला खसखसून धुतलं आणि नव्यानं ढवळण सुरू झालं. रोहिणीचा हात भरून आला तेव्हा हिंदुराव उठले, बाह्या सारल्या आणि मला हातात घेतलं. कुंडलिक सुतारानंतर पुरुषाच्या हातात मी पहिल्यांदाच गेले. धसमुसळा हात, पण भोवरा चांगला पाडला.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा शिंगखतानं माती सुधारली का? मी छातीठोकपणे सांगणार नाही. माझ्यासारखी घुमणारी वस्तू आपली फुशारकी मारायला सोकावलेली असते. त्या तुकड्यावर आणखी बरंच झालं. वरच्या उसाचं पाचट आता कोणी पेटवेना, ते या तुकड्यावर पसरून राहू लागलं. ताग पेरला आणि फुलं धरायच्या सुमाराला तो मातीतच गाडला. ओल्या रानात ट्रॅक्टरला बंदी झाली. साचलेल्या पाण्याला चर काढून वाट दिली. पण ढवळलेलं पाणी शिंपायला तिघं सगळा तुकडा पायांनी तुडवायची, बादली आणि शिंदीची केरसुणी घेऊन, अनवाणी. कुठं टाचेला दगड लागतो, कुठं ओल टिकते, कुठं गांडुळांची विष्ठा दिसू लागली, हे त्यांना पायांनीच समजलं. त्याआधी कित्येक वर्षं त्या तुकड्यावर कोणी नुसतं चाललंच नव्हतं. माझं काम काय ते एवढंच, की मी त्यांना त्या रानात नेलं.

शेणासाठी गोठ्यात पुन्हा एक खिलार गाय आली. मग विरजणही आलं. मला वाटलं, आता माझे दिवस फिरले! पण बनाबाईनं सुताराकडून नवा घुसळखांब आणि नवी रवी करून आणली. मला फार लागलं ते.

दुसरी दिवाळी सरली आणि जयवंता आला. फावडं घेऊन हिंदुरावांबरोबर तुकड्याकडे गेला. बनाबाई मागोमाग निघाली. त्या संध्याकाळच्या ढवळणासाठी मी तिच्या हातातच होते, म्हणून मला सगळं दिसलं. ती मला इतकी घट्ट धरून होती की माझ्या बाभळीला तिची नाडी लागत होती.

"शब्द हाय जयवंता. कर सुरू," हिंदुराव म्हणाले. असं म्हणून त्यांनी तुकड्याकडे पाठ केली.

जयवंतानं कोपऱ्यात फावडं मारलं. ते आरपार गेलं, त्याचाच तोल गेला. त्यानं एक ढेकूळ उचललं, पाणी लावून मळलं, हातावर विटेसारखं थापलं. ते सुटलं. पुन्हा थापलं, पुन्हा सुटलं. मुळ्यांचं जाळं बोटांत अडकलं आणि एक गांडूळ त्याच्या तळव्यावरून खाली पडलं. त्यानं आणखी दोन ठिकाणी खणून बघितलं.

"तात्या, काय केलंत ओ तुमी हिचं?" तो हात झटकत म्हणाला. "हिची ईट हुयाची न्हाय. सगळा पालापाचोळा मुरलाय हिच्यात. भट्टीत घाटली तर भोकं पडत्याल, हातात फुटंल. ही माती आता शेताबिगार कशाच्याच कामाची न्हाय."

हिंदुरावांचा शब्द मोडला नव्हता; घेणाऱ्यानंच तो परत केला होता. बनाबाई मटकन बांधावर बसली आणि रडली. मग डोळे पुसून जयवंताला म्हणाली, "ताक घिऊन जावा. घरचं हाय."

मित्रांनो, आता घरात दोन रव्या आहेत. नवी घुसळखांबाला असते, तिच्याकडे पाहुणे बघतात. मी पडवीत खुंटीला असते, शेणामातीनं काळी झालेली. ढवळण झालं की बनाबाई मला गरम पाण्यानं धुते आणि माझ्या पाकळ्यांत बोट घालून बघते, काही राहिलं का ते. तेवढी काळजी मला पुरते.

मी आयुष्यभर लोणी काढलं, म्हणून एवढंच मागते. लोणी वरून घालावं लागत नाही, ते दुधातच असतं. वेळ आणि हात द्यावा लागतो. तुमच्या घरामागं, शाळेमागं जो कडक, उजाड तुकडा असेल, त्याचा पालापाचोळा पेटवू नका. आणि त्याला निकामी ठरवण्याआधी एकदा चपला काढून त्याच्यावरून चालून या.