आबांचे बुडबुडे

मी भल्याभल्यांना नापास केलंय. पुण्याचे इंजिनियर, नांदेडचे दोन फौजदार, कुणाची भीड ठेवली नाही. पण सख्ख्या बापाच्या फॉर्मवर ‘नापास’ लिहायला माझाही हात रेटेना.

माझे वडील, भुजंगआबा, बिलोली तालुक्यात विहिरींत बुड्या मारायचे. मोटारीचा पाइप गाळात रुतला, कुणाची कळशी पडली, की त्यांना बोलावणं यायचं. अडीच मिनिटं श्वास रोखून धरत. मग दुष्काळ पडला, विहिरींचे तळ उघडे पडले आणि आबा घरी बसले. तेवढ्यात आवई उठली, उदगीरचा नवा जिल्हा होणार, बुडालेल्यांना काढायला पथक नेमणार. अट एकच, स्कूबाचं, म्हणजे टाकीतली हवा घेत बुडण्याचं, प्रमाणपत्र. ते मी देते. मालवणला शिकून आले होते.

जुन्या दगडखाणीत वीस-बावीस फूट पाणी उरलं होतं, तेही टँकरवाले रोज उपसत होते. परीक्षा आज झाली नाही तर पुढच्या आठवड्यात पाणीच पुरणार नव्हतं.

पाठीवर हवेची टाकी, अंगात हवा भरायचं जॅकेट, कमरेला शिशाचा पट्टा, पायांत पोहायचे रबरी पंख, म्हणजे फिन. आबा म्हणाले, “सिंधे, बुडायचं हाय का औताला जायचं?”

स्कूबाचा पहिला नियम, श्वास कधीच रोखायचा नाही. विहिरीत आबा वरचीच हवा छातीत भरून जायचे, वर येताना ती तेवढीच असायची. टाकीतली हवा खोलात दाबून मिळते. ती कोंडून वर आलं तर छातीत फुगत जाते आणि फुप्फुस फाटतं.

आम्ही दोघं उतरलो, तळाशी सगळं झकास झालं. मास्कमधलं पाणी काढलं, तोंडातली नळी काढून पुन्हा धरली. वर निघालो आणि आबांचे बुडबुडे थांबले. मी त्यांचं जॅकेट धरून पोटात बुक्की मारली, तेव्हा हवा सुटली. पुन्हा उतरलो, पुन्हा तेच.

काठावर आल्यावर माझं डोकं सणकलं. “आबा, मरायचं हाय का? मागल्या आठवड्यात तर बराबर केलं होतं!”

मागल्या आठवड्यात माय आली नव्हती. आज ती आबांचं कोरडं धोतर मांडीवर घेऊन खडकावर बसली होती, पाण्यावरची नजर न काढता.

आबा हळूच म्हणाले, “ती बसली हाय ना तिथं.”

मग उलगडलं. विहिरीवर आबांच्या कमरेचा दोर कायम मायच्या हातात असायचा. दोघांचं ठरलेलं होतं, पाण्यावर बुडबुडे आले की दम सुटला समजायचं आणि ओढायचं. “एक डाव आले होते,” आबा म्हणाले. “तुझी माय चार दिस जेवली न्हाई.” तळाशीही ते माझे बुडबुडे निघाले की त्यांत आपले मिसळून सोडत होते; वर येताना मात्र मायला ते वेगळे दिसतील म्हणून दाबून धरत. मला हसू आलं.

मी मायजवळ जाऊन बसले. “माय, हितं उलटं हाय. बुडबुडे येऊन राहिले म्हंजे आबा खुशाल. थांबले तर भ्यायचं.”

मायनं मान हलवली.

तिसऱ्यांदा आबा वर आले ते भडाभडा बुडबुडे सोडत. मी काठावरच फॉर्म काढला आणि ‘उत्तीर्ण’ लिहिलं. इतका आनंद मला माझ्या प्रमाणपत्राचा झाला नव्हता. आबा मास्क काढून मायकडे हसत बघत होते.

माय हसली नाही. “म्हंजे मी भिईन म्हणून तुमी दाबून धरता,” ती म्हणाली. “मंग विहिरीतबी दाबत होता का? दम सुटायला आला तरी?”

आबा फिनचा पट्टा सोडवू लागले.

“किती डाव?”

“पाच-सा डाव आसल.”

“अन मी वर दोर धरून बसले होते! पाणी गप हाय म्हणून निवांत!” तिचा आवाज फाटला. “तुमी खाली मेला आसता अन मी ओढलं नसतं. मंग मला बसवलं कशाला होतं?”

मायनं मांडीवरचं धोतर बाजूला ठेवलं.

मग ती म्हणाली, “अजून एक डाव जावा. मला बघू द्या.”

टाकीत हवा होती. आबांनी मुकाट्यानं मास्क चढवला आणि काठाशीच छातीभर पाण्यात खाली बसले. बुडबुडे येऊ लागले, एकामागून एक. माय त्यांच्याकडे बघत रडत राहिली आणि मी तिला गप्प केलं नाही.