नम्रभाऊचं चिन्ह

अख्खी मंडळी त्याला नम्रभाऊ म्हणायची, आणि हे नाव कुणी थट्टेने ठेवलेलं नव्हतं, हीच त्याच्या बायकोला सगळ्यात मोठी थट्टा वाटायची. चर्चमध्ये तो शेवटच्या बाकावर बसायचा, पण असा, की पाळकांना त्याला सगळ्यांदेखत पुढे बोलवावं लागे. कुणी काही काम सांगितलं की डोळे मिटून म्हणायचा, "प्रभूला विचारून सांगतो."

विचारायला त्याची एक खास गादी होती. जाड, मऊ, बायकोच्या जुन्या शालीची खोळ घातलेली. तिच्यावर गुडघे टेकून तो विचारायचा, आणि त्याच्या अंगाला तोशीस लागेल असं एकही उत्तर देवाने आजवर दिल्याचं बायकोला आठवत नव्हतं. चर्चचं छत गळत होतं, तेव्हा देव नको म्हणाला. शेजारच्या म्हाताऱ्याला दवाखान्यात सोबत हवी होती, तेव्हा देव थांब म्हणाला, आणि थांबता थांबता म्हातारा बरा होऊन घरी आला. पाळकांकडे जेवायला जावं की नाही, हे मात्र विचारायची गरज कधी पडली नाही. देवाच्या खांद्यावर बंदूक ठेवून इतक्या गोळ्या झाडणारा दुसरा माणूस तिने पाहिला नव्हता.

दोघांचं चष्म्यांचं दुकान होतं. पुढे तो लोकांचे डोळे तपासायचा, आत ती चाकावर भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायची. एका सकाळी त्याची धाकटी बहीण पोट धरून दुकानात आली. तिचं हर्नियाचं ऑपरेशन सोमवारी ठरलं होतं, आणि त्यानंतर पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिच्याकडे होती दोघा भावंडांची आई, अंथरुणाला खिळलेली आणि वजनाने भक्कम.

"दादा, आईला तू ने. नाहीतर तिला वृद्धाश्रमात टाकावं लागेल, आणि तिथे ती चार दिवस काढायची नाही. रविवारपर्यंत सांग."

दादाने डोळे मिटले. "प्रभूला विचारून सांगतो."

बहिणीने वहिनीकडे पाहिलं.

"माझ्याकडे नका बघू," वहिनी म्हणाली. "मला जमायचं नाही. तुमच्या आईने मला जन्मभर तांदळातला खडा म्हटलंय. खडा वेचून फेकतात, त्याच्याकडून सेवा करून घेत नाहीत."

ती बिचारी रडत गेली. निदान आपण तोंडावर स्पष्ट नकार दिला, एवढंच वहिनीने स्वतःचं समाधान करून घेतलं.

आठवडाभर गादी झिजली. शुक्रवारी जेवताना निकाल लागला. "मी चिन्ह मागितलंय," नम्रभाऊ म्हणाला. "आईला ठेवायचं तर दुकानामागच्या खोलीत. रविवारच्या उपासनेआधी प्रभूने ती रिकामी केली, तर त्याची आज्ञा समजेन. आपण बोट लावायचं नाही."

त्या खोलीत छताला टेकलेले फ्रेमचे खोके होते, मोडकं काउंटर होतं, घासायचं जुनं लोखंडी चाक होतं. म्हणजे म्हातारी वृद्धाश्रमात जाणार, आणि तिला धाडणार देव. बायकोला हसू आलं नाही. शिळ्या तेलाची येते तशी किळस आली.

शनिवारी तो दिवसभर चर्चमध्ये प्रार्थनेला बसला. इकडे तिने बाह्या सरसावल्या. सासूवर माया होती म्हणावं तर छे! पण वृद्धाश्रमात खाटेवर एकटी पडलेली म्हातारी काही केल्या डोळ्यांपुढून हलेना. खोके तिने जिन्याखाली रचले, मोडकं काउंटर ओढून बाहेर काढलं. चाक हलेना तेव्हा ती देवावरच खेकसली, "बघत काय बसलास? दुसरं टोक धर!" चाक हललं. नखही तुटलं.

रविवारी सकाळी खोलीचं दार उघडून नम्रभाऊ पांढराफटक पडला. पण माणूस मुरलेला होता. जिन्याखालचे खोके आपल्या पायांनी तिथवर चालत गेले असं त्याने धरून घेतलं आणि उपासनेत उभा राहून साक्ष दिली. "मी क्षुद्र सेवक! प्रभूने खोली रिकामी केली. आता फक्त आज्ञापालन!" पाळकांनी डोळे पुसले. बायको बाकावर बसून तुटकं नख चोखत राहिली.

संध्याकाळी म्हातारीला आणलं. खाटेवर टेकते न टेकते तोच तिला शौचाचं भांडं हवं झालं.

"आधी प्रार्थना करू," नम्रभाऊ म्हणाला आणि त्याने डोळे मिटले.

"करू दे त्याला, सूनबाई," म्हातारी म्हणाली. "तू उचल. लहानपणापासून त्याचं असंच. काम निघालं की डोळे मिटतात."

सासू जन्मात पहिल्यांदा तिच्या बाजूने बोलली होती, आणि तेही तिलाच कामाला लावायला.

"नाही आई. चिन्ह यांना मिळालंय. साक्षही यांनीच दिली, सगळ्या मंडळीसमोर. अहो, डोळे उघडा आणि कमरेखाली हात घाला."

त्याने क्षणभर वाट पाहिली. देव काही बोलला नाही. मग त्याने हात घातले, तोंड वाकडं करत आईला उचललं, आणि बायकोने भांडं सरकवलं.

काम आटोपल्यावर भांडं खाटेखाली ठेवलं गेलं. ते काढायला वाकायचं तर गुडघे टेकावे लागणार होते.

"माझी गादी कुठाय?"

"आईंच्या टाचांखाली. सोलल्यात त्यांच्या टाचा."

तो उघड्या फरशीवर टेकला. गुडघे कटकन वाजले. "प्रभू!" तो कण्हला.

"हं, आता विचारा," बायको म्हणाली.

नम्रभाऊने हात लांबवून भांडं बाहेर ओढलं. ते दोन्ही हातांत धरून तो संडासाकडे निघाला, आणि ते सांडू नये म्हणून त्याने डोळे टक्क उघडे ठेवले होते.