एकतीस विहिरी

शालिनीने सरांच्या जुन्या विद्यार्थिनीच्या, यशश्रीच्या मेलचा मधला परिच्छेद गाळला आणि एकदम ‘काकूंना नमस्कार’वर येऊन थांबली.

“एवढंच?” माने सरांनी विचारले. “यशश्री आकड्यांशिवाय दोन ओळी लिहायची नाही.”

“घाईत असेल,” म्हणत तिने मोबाइल पालथा ठेवला.

काचबिंदूने सरांची नजर गेल्याला सहा वर्षे झाली होती. तेव्हापासून पेपर, विद्यार्थ्यांची पत्रे, औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा तीच वाचून दाखवायची, आणि आजवर तिने एक शब्द इकडचा तिकडे केला नव्हता. आज केला. संध्याकाळी पाचला अलकापुरीतल्या सभागृहात सरांचा पंच्याहत्तरीचा सत्कार होता.

मान्यांचे पूर्वज राजांच्या पागेत होते. त्या घरातला विक्रमसिंह, म्हणजे सर, ‘विज्ञानात पुरावा कशाला म्हणायचे’ हे शिकवून पोट भरतो, हेच घडियाळी पोळ या त्यांच्या जुन्या मोहल्ल्यातल्या लोकांना पुष्कळ नवल होते. पण सत्तावीस वर्षांपूर्वी त्याने वर्तमानपत्रात एक वाक्य लिहिले आणि घराची झोप उडाली. शहराबाहेरच्या एका गावात पोरांचे दात पिवळे पडत होते, चाळिशीतली माणसे कमरेत वाकत होती. सरकारी समितीने सांगितले, दोष खडकातल्या फ्लोराइडचा आहे, शेजारच्या कारखान्याचा नाही. सरांनी लिहिले, ‘हा निकाल विज्ञानाने दिलेला नाही, खुर्चीने दिला आहे.’ त्या वाक्यावर आंदोलन उभे राहिले. सरांचे विभागप्रमुखपद गेले, दारासमोर पुतळा जळला. अर्ध्या शहराने त्यांना डोक्यावर घेतले, उरलेल्या अर्ध्याने देशद्रोही ठरवले. मधल्या मध्ये शालिनीचे केस पांढरे झाले. “चुकलो म्हणा आणि सुटा,” हे ती किती वेळा म्हणाली असेल, गणती नाही.

आता सत्कार करणाऱ्या मंडळाचा गुजराती सेक्रेटरी धवल रोज फोन करत होता. “काका, वरून प्रेशर छे. दोन ओळींची माफी मागा, पछी शांतीथी सत्कार.” सर बधले नव्हते. एक शब्द मागे घेणार नाही, असे त्यांनी पेपरलाही सांगून टाकले होते. काल कुणीतरी नाव न सांगता फोनवर म्हणाले, हॉलमध्ये आमची माणसं असतील, बघून घेऊ.

“शालिनी, ते कार्ड काढ.”

कार्ड ही सरांची खोड. जे ठामपणे म्हणायचे ते पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहायचे, आणि मागच्या बाजूला लिहायचे, काय दिसले तर हे म्हणणे सोडून देईन. विद्यार्थ्यांनाही त्यांनी तीच सवय लावली होती. शालिनीने खोक्यातून कार्ड शोधले आणि ते प्रसिद्ध वाक्य वाचले.

“मागचं वाच. तेच भाषणात घेतो. म्हणावं, सत्तावीस वर्षांत असं काही दिसलेलं नाही.”

तिने कार्ड उलटवले. “‘कारखान्याचं पाणी जिथं पोचूच शकत नाही, अशा वरच्या अंगाच्या विहिरींतही तेवढंच फ्लोराइड आढळलं, तर मी चुकलो.’”

“हं. लिहून घे.”

तिने पेन उचलले, पुन्हा ठेवले. मग मोबाइल हातात घेतला आणि गाळलेला परिच्छेद वाचला. यशश्रीने वरच्या अंगाच्या एकतीस विहिरी तपासल्या होत्या. सगळीकडे तेवढेच फ्लोराइड, आणि तेही खडकातलेच. ‘सर, समितीचं बरोबर होतं. अजून कुणालाच सांगितलेलं नाही. छापू की थांबू, तुम्ही म्हणाल तसं.’

सरांनी तोंड खिडकीकडे वळवले.

“एकतीस,” ते म्हणाले. “पोरीने काम चोख केलंय.”

“अहो, आज नका काढू हे.” तिने मोबाइल पुन्हा पालथा ठेवला. “महिनाभर थांबा. यशश्री थांबेल. आज बोललात तर लोक म्हणतील, घाबरले. सगळं आयुष्य मातीत जाईल.”

“म्हणतील खरं.”

“मग?”

सर खिडकीकडे तोंड करून बसले होते. “माझा लेख आल्यावर लोकांनी गावातली विहीर सोडली. वरच्या विहिरी स्वच्छ, म्हणून तिथनं हंडे आणायला लागले. मीच उभं राहून सांगितलं होतं त्यांना.” मग ते म्हणाले, “अजून तेच पीत असतील.”

इतकी वर्षे आपल्याला फक्त आपले घर दिसत होते, याची शालिनीला लाज वाटली.

सभागृह खच्चून भरले होते. पुढे सरांचे जुने विद्यार्थी, मागे विरोधकांनी ट्रकमधून आणलेली माणसे. विहिरींची यादी वाचायची म्हणून शालिनी मोबाइल घेऊन मंचावर सरांच्या शेजारीच बसली. सर उठले आणि सगळ्यांना कळावे म्हणून गुजरातीतच बोलले. मी चुकलो होतो, समितीचे बरोबर होते, आणि वरच्या एकतीस विहिरींचे पाणीही पिण्याजोगे नाही.

क्षणभर कुणाला काही उमजले नाही. मग टाळ्या पडल्या, त्याही भलत्याच बाजूने. आंदोलनात सरांबरोबर एक रात्र कोठडीत काढलेले गणपतराव पहिल्या रांगेतून उठले आणि वर न बघता चालते झाले.

“वाकला शेवटी!” कुणीतरी मोठ्याने म्हणाले.

धवलने लगबगीने माइक काढून घेतला. “बस काका, एटलुं घणुं छे.”

“अरे, विहिरींची नावं राहिलीत,” सर म्हणाले. टाळ्यांमध्ये ते शालिनीखेरीज कुणाला ऐकू गेले नाही.

टाळ्या विरल्या, तेव्हा ट्रकमधून आलेल्या माणसांतून एक म्हातारा उठला. नीट उभे राहायला त्याला पुढची खुर्ची धरावी लागली.

“साहेब, भाथीजीना मंदिरवाळो कूवो एमां छे?”

शालिनीने यादीवरून बोट फिरवले. सोळावे नाव भाथीजीच्या देवळाजवळच्या विहिरीचेच होते.

“छे,” ती म्हणाली.

“अमे तो सत्तावीस वरसथी एनुं ज पाणी पीए छीए.”

सरांना तो दिसत नव्हता. आवाज आला त्या बाजूला वळून त्यांनी हात जोडले. धवल हार घेऊन पुढे आला, तरी त्यांनी जोडलेले हात सोडले नाहीत.