गाडी ढकलणाऱ्याची ओळ

त्या आठवड्यात मी ती ओळ चौथ्यांदा उडवली. 'शहाजीरावांना गाडी चालवता येत नसे. पळून जाण्याच्या दृश्यांत चार माणसे मागून गाडी ढकलत.'

मराठी विकीवरचा शहाजीरावांचा लेख मी आठ वर्षं सांभाळतोय. तमिळ सिनेमातला हा तंजावरी मराठी खलनायक वारल्याला वीस वर्षं झाली, तरी कुणीही उठतं आणि त्याच्याबद्दल काहीही लिहितं. निस्तरायचं मात्र इकडे तमिळ मुलखात, वेलचेरीच्या फ्लॅटमधून मी. ऑफिसची मीटिंग चालू असतानाही माझा एक डोळा त्या पानावर. उडवली, की दहा मिनिटांत ओळ परत हजर.

टाकणाऱ्याचं नाव 'जनकोजी१४'. चर्चापानावर मी लिहिलं, 'संदर्भ द्या.' उत्तर आलं, 'मी तेथें होतों.' मी भडकलो. 'तुम्ही तिथे होतात हा संदर्भ होत नाही. छापलेलं दाखवा.' शेवटी पुण्याची ऋजुता, आमच्यातली जुनी संपादक, मध्ये पडली. दोघेही थांबा, नाहीतर पानाला कुलूप लावते, म्हणाली.

खरं सांगायचं तर मला त्या जनकोजीचा राग नव्हताच. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! त्याच लेखात आणखी एक ओळ आहे: 'चित्रीकरणाच्या दिवशी ते सात ग्लास ताकावर राहत.' ती माझी. नवखा असताना गंमत म्हणून मनानं रचलेली. एका वर्तमानपत्रानं ती आमच्याच पानावरून उचलून छापली, आणि मग कुणीतरी त्या वर्तमानपत्राचाच संदर्भ आमच्या ओळीला जोडून दिला. गेल्या महिन्यात मी ती गुपचूप काढली, तर ऋजुतानं परत आणली. 'संदर्भ आहे. काढायचं कारण?' कारण सांगायची माझी छाती झाली नाही. तेव्हापासून जिवाला चैन नाही.

एके दिवशी जनकोजींनी चर्चापानावर सरळ पत्ताच टाकला. तिरुवल्लिकेणी, मॅन्शनमधली, म्हणजे एकट्या पुरुषांच्या लॉजमधली, चौदा नंबरची खोली, प्रत्यक्ष येऊन विचारा. रविवारी गेलो. ट्रेन रिकामी होती, तरी मी दारातच उभा राहिलो.

ऐंशीच्या घरातला एकटा माणूस. एक खाट, एक स्टोव्ह, दोरीवर वेष्टी, तमिळ धोतर.

"बैसा, तंबी," ते म्हणाले, तमिळमध्ये धाकट्या भावाला म्हणतात तसं. "गाडी ढकलणारे आम्ही चौघे होतों. तिघे गेले. तमिळ पानावर लिहिलें, तर दोनशे जण भांडूं लागले. मराठीत तुम्ही एकलेच. म्हणून तेथें लिहिलें."

"पण आजोबा, संदर्भ..."

"माझें नांव नको. ती एक ओळ राहूं दे, सरी, बरें? सिनेमांत मी तेवढाच."

खोटं बोलणाऱ्याला इतकं थोडं मागता येत नाही. घरी जाऊन ऋजुताशी भांडेन, नियम गेले खड्ड्यात, पण ही ओळ ठेवीन, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

माझा चेहरा बघून त्यांना हुरूप आला. "आणि मोर! तुमचें ताक हो. दिवसाला सात ग्लास. मीच आणून देई. शहाजीराव म्हणत, जनको, आणखी एक आण!"

मी गप्प बसायला हवं होतं. पण आठ वर्षांचं ओझं होतं, तोंडातून निसटलंच. "आजोबा, ते ताक मी रचलंय. थाप होती ती माझी."

ते आधी हसले. मी हसत नाही हे पाहून थांबले. पेपरात आलं होतं, म्हणाले. मी त्यांना सगळं सांगितलं, पेपरात ते कुठून गेलं तेही. मग त्यांनी वर पंख्याकडे बघितलं.

"पण मला तो ग्लास दिसतो, तंबी. पितळेचा. कांठ चेपलेला."

मी उठायला लागलो.

"मग गाडी?" त्यांनी माझं मनगट धरलं. "गाडी तरी आम्ही ढकलली ना?"

"ढकललीत," मी घाईघाईनं म्हणालो. "ढकललीतच."

"कशावरून?" त्यांनी विचारलं.